बाटलीतल्या वीस गोळ्या

१

शहाऐंशी सालच्या दसऱ्याला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, हिवरगव्हाणच्या सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष श्रीपती आबा भाषणासाठी उभे राहिले, ‘मंडळी’ एवढा एकच शब्द बोलले आणि उभ्याचे आडवे झाले.

भूम तालुक्याच्या त्या माळरानावर दुष्काळाचे हे दुसरे वर्ष होते. दुधाचे कॅन अर्धेच भरत. परंतु जे दूध येई त्याचा खवा आटवला जाई, आणि संस्थेची भट्टी पेटती होती तोवर गावाने धीर सोडला नव्हता. दसऱ्याला शेतकरी जशी अवजारे पुजतो तशी संस्थेत खव्याच्या कढईची आणि उलथण्याची पूजा होत असे. मग आबांचे पारणे, आणि त्यानंतर वार्षिक सभा. नवरात्राच्या शेवटच्या तीन माळा आबा उपवास धरीत आणि तो सोडीत ते भट्टीवर काम करणाऱ्या मालनबाईच्या हातचा खवा खाऊन. अकरा वर्षांत या क्रमात खंड नव्हता.

त्या दिवशीही सारे यथासांग झाले होते. मालनबाईने पळसाच्या पानावर खव्याचा पहिला गोळा आबांना दिला, दुसरा चिटणीस शांतलिंगला. मग शांतलिंगने अहवाल वाचला. दरवर्षी वाचताना त्याच्या हातातील कागद पिंपळपानासारखा थरथरे आणि पुढे बसलेली मंडळी ‘वारा सुटला’ म्हणून हसत. यंदा कागद जागचा हलला नाही.

“औंदा पाऊसबी न्हाय अन् वाराबी न्हाय,” मागून कोणीतरी म्हणाले आणि सभा खळखळून हसली.

त्या हसण्यातच आबा उठले आणि पडले.

पहिल्या रांगेत बसलेले महालिंगप्पा गुरुजी सर्वांत आधी त्यांच्यापाशी पोहोचले. गुरुजींनी पस्तीस वर्षे भूमच्या शाळेत संस्कृत शिकवले होते, आणि त्याआधी तरुणपणी मठात राहून न्यायशास्त्राचा अभ्यास केला होता. निवृत्तीनंतर गावातील तंटे, पत्रिका आणि सरकारी अर्ज हे तिन्ही त्यांच्याच ओसरीवर येत. त्यांनी आबांचा हात हाती घेतला. भर उन्हात तो विहिरीतून काढलेल्या घागरीसारखा गार लागला. नाडी होती, पण एक ठोका पडल्यावर दुसरा पडेल की नाही, याची वाट पाहावी लागत होती.

एवढ्यात शांतलिंगही खाली बसला. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि श्वासातून शीळ वाजत होती.

“दोघांनीच खाल्ला खवा,” गर्दीतून बिभीषण पुढे आला. तो संस्थेचा सभासद होता, आवाजाने मोठा आणि धीराने लहान. “दोघंबी पडले. मालनबाई, काय घातलंस त्यात?”

मालनबाई हातात उलथणे धरून तशीच उभी राहिली.

गुरुजींनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. त्यांच्या जिभेवर अजून खव्याची चव होती. मधुमेहामुळे घरी पत्नी सिताबाईंनी त्यांच्यावर साखरेचे नावही निषिद्ध ठरवले होते. म्हणून सभेआधी, पूजेच्या गडबडीत, त्यांनी त्याच कढईतला सुपारीएवढा गोळा कोणाला न दिसता तोंडात टाकला होता.

आणि त्यांना काहीही झाले नव्हते.

२

संस्थेच्या जीपने दोघांना भूमला नेले. गावातले पुष्कळ लोक ज्यांच्याकडे जात त्या तरुण डॉक्टरांचा चार खाटांचा दवाखाना होता. दुपार कलेपर्यंत शांतलिंगची शीळ बसली आणि तो उशीला टेकून चहा मागू लागला. आबा जिवंत होते, पण गुंगीत होते. उशापाशी त्यांच्या पत्नी पुतळाबाई पदराचे टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

“नाडी मिनिटाला बेचाळीस होती,” डॉक्टर गुरुजींना बाहेर घेऊन म्हणाले. “आता पन्नासवर आणली आहे. रात्र नीट गेली तर उद्या बोलतील. तोवर त्यांना कोणी काही विचारायचे नाही.”

“कारण काय असावे?”

“तुमचे ते बिभीषणराव म्हणतात, भट्टीमागे बिट्टीचे झाड आहे. पिवळी कण्हेर. तिच्या बियांनी नाडी अशीच मंदावते. मात्र त्यात उलट्या होतात, आणि आबांना एकही उलटी नाही.”

“आणि तुमचे औषध?”

“त्याचा विचार मी आधी केला.” डॉक्टरांनी टेबलावरची लहान तपकिरी बाटली पुढे केली. “आबांच्या कोपरीच्या खिशातून काढली. छातीतल्या कळेसाठी आणि रक्तदाबासाठी मी त्यांना ह्या गोळ्या देतो. प्रोप्रानोलॉल. बीटा-ब्लॉकर म्हणतात या जातीला. हृदयाची धाव आवरणारे औषध. अमावास्येला चाळीस गोळ्या मोजून दिल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पहिल्या माळेच्या सकाळपासून नऊ दिवस म्हणजे अठरा, आणि आज सकाळची एकोणिसावी. उरायला हव्यात एकवीस.”

“आहेत किती?”

“वीस. एक गोळी इकडेतिकडे झाली असेल. पण एका जादा गोळीने माणूस असा पडत नाही, गुरुजी. औषधाचा हिशेब जुळतो.”

गुरुजींनी बाटली उजेडात धरली आणि वीस गोळ्या पुन्हा मोजल्या. मग खोकून, दाराकडे एकवार पाहून, त्यांनी आपल्या सुपारीएवढ्या अपराधाची कबुली दिली.

डॉक्टर हसू दाबीत म्हणाले, “म्हणजे कढईतला खवा निर्दोष. तुमचे पथ्य मात्र नाही.”

बाहेरच्या बाकावर बसलेल्या बिभीषणाने हे ऐकले होते. तो आत डोकावला. “गुरुजी, तुमी खाल्ला कढईतला. आबांनी खाल्ला पानावरचा. पान कुणी दिलं? उद्या सभासदांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आमी ठाण्यात येतो. दहाच्या एस.टी.नं.”

३

दुपारच्या एस.टी.ने गुरुजी गावात परतले आणि घरी न जाता थेट भट्टीवर गेले. भट्टी विझवलेली होती. मालनबाई कढई घासत होती. ती आधीच लखलखत होती, तरी घासत होती.

“बसा गुरुजी. पानी देऊ का?” तिने विचारले आणि पुढे स्वतःच म्हणाली, “का नगं? आज इचारून देयाचा दिस हाय.”

“दे,” गुरुजी म्हणाले, आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

मालनबाई समोर बसली. “काय इचारायचं ते इचारा. बिट्टीचं झाड माझ्या सासूनं लावलंय. फुलं समद्या गावाच्या देवाला जात्यात. बिया कुणी आणल्या, हे म्या काय सांगू?”

“मी झाडाचे विचारायला आलो नाही. आबांना खवा दिल्यावर ते किती वेळाने पडले?”

ती आठवू लागली. “शांतलिंगनं वाचलं ना कागद? दोन पानं. तेवढ्यात. कढईत दूध वर येतं तेवढ्या वेळात.”

“आणि त्याआधी आबा कसे दिसत होते?”

“गार.” तिने आपली बोटे पुढे केली. “पान देताना हाताला हात लागला. म्या म्हनलं, आबा, थंडी वाजतीया का? तर म्हनले, मालन, उपास हाय, अंगात ऊन न्हाय. अन् खांबाला धरून उभं हुते.”

गुरुजींची मान किंचित हलली. जो हात खवा घेण्याआधीच गार होता, त्याला खव्याने गार कसे केले? शास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याचा पहिला धागा त्यांच्या हाती आला. कारण असेल तेथे कार्य; कारण नसेल तेथे कार्य नाही. येथे तर कार्य आधी घरात शिरले होते आणि आरोपी कारण अजून पानावर बसले होते.

“गुरुजी, एक सांगू?” मालनबाईचा आवाज खाली आला. “पंच्याहत्तर साली म्या हितं लागले तवा माझ्या हातचं दूध मापायलासुदिक कुणी राजी नव्हतं. जय भीम म्हनणारीनं भट्टीला हात लावला तर गिऱ्हाईक जाईल म्हनायचे. आबांनी दसऱ्याला समद्यांपुढं माझ्या हातनं उपास सोडला. तवापासून कुणी बोललं न्हाय. आज सभेत मला कायम करणार हुते. ते ऱ्हाऊ द्या. पर उद्या माझं नाव ठाण्यात गेलं, तर अकरा वर्सांपूर्वीची समदी तोंडं पुन्यांदा उघडतील. म्हनतील, आमी सांगतच हुतो.”

गुरुजी उठले. तिला काही आश्वासन द्यावे असे त्यांच्या ओठांवर आले; पण ज्याला प्रमाण नाही ते वाक्य बोलायचे नाही, ही त्यांची जन्माची सवय होती.

“उद्या पहाटेच्या एस.टी.ला माझ्याबरोबर भूमला चल,” ते म्हणाले. “आणि खव्याचा उरलेला गोळा घे.”

“कशाला?”

“साक्षीदार म्हणून.”

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोघे दवाखान्यात पोहोचली. आबांची रात्र नीट गेली होती, नाडी साठावर आली होती. पण ते गाढ झोपले होते. दहाची एस.टी. यायला दोन तास होते.

गुरुजी प्रथम शांतलिंगपाशी बसले. तीस वर्षांचा तो चिटणीस हिशेबात पक्का होता, पण चारचौघांत उभे राहिले की घामाने भिजत असे.

“काय रे, तुला दमा आहे हे मला ठाऊक नव्हते.”

“ल्हानपणी हुता, गुरुजी. पंधरा वर्सं काय बी न्हाय.” मालनबाईला दारात पाहताच त्याने तोंड भिंतीकडे वळवले.

“काल अहवाल फार छान वाचलास. कागद हलला नाही.”

“सराव केलता.”

“दरवर्षी करतोस. गेल्या वर्षी सराव करताना तुझा आरसा फुटला होता, असे तुझी आई सांगत होती.”

शांतलिंगचे कान लाल झाले, आणि गुरुजींनी शिक्षकाच्या जुन्या नजरेने ते टिपले. वर्गात ज्याने शाई सांडली आहे तो मुलगा आधी कानांनी बोलतो.

मग ते पुतळाबाईंकडे गेले. “वहिनी, आबांचा उपवास कसा झाला?”

“काय सांगू भावजी. पहिल्या सा माळा गुण्यागोविंदानं गेल्या. उपास धरला अन् तिसऱ्या दिशी म्हनाया लागले, पुतळे, छातीत घोडं पळतंया. म्या म्हनलं गोळी घ्या. तर माझ्यावरच डोळं काढलं.”

“गोळी का घेतली नाही?”

“उपासाला चालत न्हाय की ती.” पुतळाबाईंनी सर्वांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसे सांगितले. “मागं कंपाउंडर बोलला हुता, गोळीत मक्याचं पीठ असतंय म्हनून. मका म्हंजी धान्य. तीन दिस गोळीला हात लावला न्हाय त्यांनी. नवस बोललेले ना, संस्थेच्या हिरीला पानी लागू दे म्हनून.”

गुरुजी खुर्चीच्या कडेवर सरकले.

“तीन दिवस एकही गोळी नाही? नक्की?”

“देवीची आन. म्या डॉक्टरला सांगाया भ्याले. म्हनले, रागावत्याल.”

“आणि काल सकाळी?”

“काल समाप्ती हुती. आंघोळ केली, पोथीपुढं बसले, अन् तांब्याभर पानी मागितलं. रोज गोळीला घोटभर लागतंय, काल तांब्या. उठताना लई खूश हुते. म्हनले, पुतळे, आता मागं कायबी उरलं न्हाय. तेवढ्यात ह्यो शांतलिंग कागद दाखवाया आला. त्याचं हात असं कापत हुतं, चहाची बशी वाजत हुती.”

गुरुजींनी डोळे मिटले. बाहेर, अजून वेळ असताना, एस.टी.चा भोंगा वाजला. दहाची गाडी आज अर्धा तास आधीच आली होती, आणि तीतून बिभीषण पाच सभासदांसह उतरत होता.

५

“अर्ज ठाण्यात नेण्याआधी,” गुरुजी दवाखान्याच्या ओसरीवर उभे राहून म्हणाले, “मला एक बेरीज करून दाखवा. बिभीषण, तू कर. लहानपणी ओसरीवर तुझे पाढे मीच घेतले आहेत.”

“गुरुजी, हितं माणूस पडलाय अन् तुमी पाढं...”

“चाळीस गोळ्या. पहिल्या सहा माळा, रोज दोन. किती गेल्या?”

“बारा,” बिभीषण नाइलाजाने म्हणाला.

“उरल्या अठ्ठावीस. पुढचे तीन दिवस आबांनी उपवासामुळे एकही घेतली नाही. तर काल सकाळी बाटलीत किती असायला हव्यात?”

“अठ्ठावीसच की.”

“दुपारी डॉक्टरांनी मोजल्या तेव्हा वीस होत्या.”

डॉक्टर दारात उभे होते. त्यांच्या हातातील स्टेथोस्कोप तसाच लोंबत राहिला. “तीन दिवस घेतल्याच नाहीत? म्हणजे हिशेब जुळत होता हीच...”

“हीच चूक होती, डॉक्टरसाहेब. जो हिशेब जुळायला नको होता तो जुळला. एका सकाळीत आठ गोळ्या गेल्या. एक कालची. आणि सहा कोणत्या, ते वहिनींच्या तांब्याने सांगितले.” गुरुजी पुतळाबाईंकडे वळले. “वहिनी, आबांचा पोथीचा अध्याय चुकला तर ते काय करतात?”

“दुसऱ्या दिशी दोन वाचत्यात. समाप्तीच्या आत समदे भरून काढायचे असत्यात. न्हाय तर पारायण...” बोलता बोलता पुतळाबाईंचा हात तोंडावर गेला.

“तीन दिवस, रोज दोन, म्हणजे गोळ्यांचे सहा अध्याय चुकले. समाप्तीच्या सकाळी, त्या दिवसाचा एक धरून, आबांनी सातही एका बैठकीत पुरे केले. श्रद्धा खरी, नियम खरा; फक्त तो पोथीचा नियम होता, गोळीचा नव्हे.”

आतून खाट करकरली. सर्वांनी वळून पाहिले. आबा कोपरावर रेलून बसले होते, आणि त्यांच्या क्षीण चेहऱ्यावर एक समाधान होते.

“मग काय तर,” ते म्हणाले. “खंड पडू दिला न्हाय म्या. डॉक्टरनंच सांगितलं हुतं, गोळीत खंड नगं.”

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी आबांचा हात हातात घेतला. तो आता उबदार होता.

“आबा, चूक माझीही आहे. तुमचे नवरात्र मला ठाऊक होते, पण उपवासाचे मी विचारले नाही. ऐका. हे औषध म्हणजे हृदयाच्या घोड्याचा लगाम. तीन दिवस लगाम एकदम सोडला, म्हणून घोडा पळाला. तुमच्या छातीत धडधड झाली ती. अशाने कधी कधी झटकाही येतो. आणि काल सात लगाम एकाच वेळी खेचले, म्हणून घोडा खालीच बसला. नाडी मंदावली, रक्तदाब उतरला, हातपाय गार पडले, आणि तुम्ही उपाशीपोटी झटक्याने उठलात. एखादी गोळी चुकली तर ती गेली. पुढची तिच्या वेळेला घ्यायची, एकच. भरपाई करायची नाही. आणि बंद करायचे झाले तर मला विचारून, हळूहळू.”

“अन् मक्याचं पीठ?”

“चिमूटभरही नसते. देवीला ते चालते की नाही, हे गुरुजी सांगतील.”

“आतुराला नियम नाही,” गुरुजी तात्काळ म्हणाले. “आपल्या शास्त्राने आजाऱ्याला जेवढी सूट दिली आहे, तेवढी आजारी माणूस स्वतःला देत नाही.”

बिभीषण अर्जाची घडी बोटांत फिरवीत उभा होता. त्याने शेवटचा गड लढवला. “समदं पटलं. पर आठातल्या सात झाल्या. अन् शांतलिंग का पडला? त्यानं कुठं पारायण केलं?”

६

गुरुजींनी शांतलिंगकडे पाहिले नाही. त्यांनी मालनबाईकडे पाहिले. ती ओसरीच्या खांबाला टेकून, खव्याचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

“आठवी गोळी कोठे आहे, हे मला ठाऊक आहे,” ते शांतपणे म्हणाले. “परंतु ते मी सांगितले तर ती तर्काची गोष्ट होईल. ज्याने घेतली त्याने सांगितली तर ती सत्याची होईल. ह्या बाईचे नाव त्या कागदावर आहे, आणि कागद अजून बिभीषणाच्या हातात आहे.”

शांतलिंग उठला. उठताना त्याने खाटेचा दांडा धरला, आणि त्याचे हात पुन्हा जुन्यासारखे कापू लागले.

“म्या घेतली.” त्याचा आवाज फुटला. “आबा म्हनले हुते, ही गोळी घेतल्यापासून माझ्या हाताचं कापणं ऱ्हायलं. म्या म्हनलं, एक द्या, सभेपुरती. दरसाल समदे हसत्यात, वारा सुटला म्हनत्यात. आबांनी दिली.”

“मायेनं दिली,” आबा म्हणाले. “देवापुढची हुती, परसाद म्हनून.”

“अन् काल धाप लागली तवा म्या वळखलं, गोळीनंच झालं असल. पर सांगितलं असतं तर गाव म्हनलं असतं, चिटणीस गोळी खाऊन उभा ऱ्हातो.” तो मालनबाईसमोर आला. “मालनबाई, तुझ्यावर आळ आला, अन् म्या भिंतीकडं तोंड करून पडलो. माफी तरी कोणत्या तोंडानं मागू?”

मालनबाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. “कापणाऱ्या,” ती म्हणाली. “आता कापतोयास तेच बरं दिसतंय. मानूस खरं बोलताना कापला तर कुणी हसत न्हाय.” आणि थोडे थांबून म्हणाली, “माफीचं मग बघू. अजून राग गेला न्हाय माझा.”

“अंगातली शिरशिरी आवरते हे खरे,” डॉक्टर म्हणाले. “पण हेच औषध दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळते. दमा पंधरा वर्षे झोपलेला असला तरी ह्याने उठून बसतो. म्हणून मी देण्याआधी प्रत्येकाला दम्याचे विचारतो. ज्याला आबांनी दिली त्याला विचारणार कोण? दुसऱ्याची गोळी म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. घालणाऱ्याला खड्डा दिसत नाही.” मग ते गुरुजींकडे वळले. “आणि तुमच्यासारख्या साखरवाल्यांनाही जपूनच. साखर उतरली की छाती धडधडते, तेवढाच इशारा असतो. हे औषध तो इशाराच दाबून टाकते.”

“मी फक्त खवा खातो,” गुरुजी घाईने म्हणाले.

बिभीषणाने अर्ज उलगडला, एकदा वाचला आणि चार तुकडे केले. पण तुकडे टाकावे कोठे, हे त्याला कळेना. तो ते हातात धरून उभा राहिला.

“हिकडं द्या,” मालनबाई म्हणाली. “भट्टी पेटवायला लागतोय कागद.” तिने डबा उघडला आणि खव्याचा गोळा त्याच्यापुढे धरला. “आधी ह्यो खा. समद्यांपुढं.”

बिभीषणाने आजूबाजूला पाहिले. पाच सभासद, डॉक्टर, गुरुजी आणि खाटेवरचे आबा त्याच्याकडे पाहत होते. त्याने गोळा घेतला आणि खाल्ला. खाताना त्याचा चेहरा ओशाळा होता, खाऊन झाल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, “अजून हाय का?”

तहकूब झालेली सभा आठ दिवसांनी भरली. मालनबाईला कायम करण्याचा ठराव बिभीषणाने मांडला आणि शांतलिंगने कागद थरथरत असतानाच वाचला. त्या दिवशी वारा सुटल्याचे कोणीच म्हणाले नाही.

विहिरीला पाणी मात्र दुसऱ्या वर्षी लागले. आबांनी पुन्हा शेवटच्या तीन माळा धरल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेऊन. दसऱ्याला अंगणात सारा गाव जमला, कढईची पूजा झाली, आणि मालनबाई पळसाचे पान घेऊन आबांपुढे उभी राहिली. आबांनी हात पुढे केला. तिने पान मागे घेतले.

“आबा, सकाळची गोळी?”

“घेतली.”

“किती?”

“एक.”

“कुणाला दिली?”

“कुणाला न्हाय.”

“मग बसून खावा, अन् उठताना सावकाश.” तिने पान त्यांच्या हातावर ठेवले.

त्या वर्षापासून हिवरगव्हाणच्या सभेचा आरंभ ह्या तीन प्रश्नांनी होऊ लागला, आणि लहान पोरेही उत्तरे आबांच्या आधी म्हणू लागली.

त्या पहिल्या वर्षी, प्रश्न चालू असता साऱ्यांच्या नजरा आबांकडे लागल्या आहेत असे पाहून, पहिल्या रांगेतील महालिंगप्पा गुरुजींचा हात सावकाश कढईकडे सरकला होता. तो तेथे पोहोचला तेव्हा कढईच्या काठावर आधीच एक हात ठेवलेला होता, हिरव्या बांगड्यांचा.

“चौथा प्रश्न माझा,” सिताबाई म्हणाल्या.